आउटबॅकमधला मुक्कामाचा दिवस : ऊडनाडॅटा ट्रॅक, कावर्ड स्प्रिंग्ज

रेतीवाट (धागाकर्ती)

कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेऊन ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात, आउटबॅकमध्ये, जायचं ठरलं की ओळखीची मंडळी प्रवासाचा तक्ता पाठवतात आणि विचारतात, "बघ गं, जमतंय का?" बहुतेक तक्त्यांत रोज पाचशे-सहाशे किलोमीटर असतात आणि एकही दिवस मोकळा नसतो. सगळ्यांना मी एकच सांगत आले आहे : मुक्कामाचा दिवस आधी ठरवा, मग त्याच्या अलीकडचा-पलीकडचा प्रवास आखा. तो कुठे ठेवावा आणि कसा घालवावा, यावर सविस्तर बोलता यावं म्हणून हा धागा.

आम्ही चौघं : मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत मेलबर्नहून निघून पोर्ट ऑगस्टा, क्वॉर्न, हॉकर, मरी असं वर सरकलो. फ्लिंडर्स रेंजेस डाव्या-उजव्या हाताला सोबत करतात तोवर प्रवास सोपा वाटतो. मरीला ऊडनाडॅटा ट्रॅक सुरू होतो. तिथून मार्लापर्यंत सहाशेहून जास्त किलोमीटरचा हा कच्चा रस्ता, गोटे, खडी आणि लाल धुळीचा. मरीपासून साधारण १३० किलोमीटरवर कावर्ड स्प्रिंग्ज. मुक्काम तिथे.

तिथेच का, तर पाण्यासाठी. शाळेच्या भूगोलात ग्रेट आर्टेशियन बेसिन वाचलेलं आठवत असेल. सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरचा भूजलाचा साठा, म्हणजे या खंडाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भागाखाली. पूर्वेकडच्या डोंगररांगेवर पडलेला पाऊस वाळूच्या दगडात मुरतो आणि वर्षाला काही मीटर एवढ्याच वेगाने पश्चिमेकडे सरकतो. या बाजूला पोचेपर्यंत काही ठिकाणी त्याचं वय दहा लाख वर्षांच्या पुढे गेलेलं असतं. वरचा खडक जिथे पातळ किंवा भेगाळलेला आहे तिथे ते स्वतःच्या दाबाने वर येतं. वर आलं की सुकतं, क्षार आणि वाळू मागे राहते, आणि झऱ्याभोवती हळूहळू टेकाड तयार होतं. कावर्ड स्प्रिंग्जच्या पाच-सहा किलोमीटर अलीकडे अशी दोन टेकाडं आहेत : ब्लांच कप आणि बबलर. बबलरच्या तळ्यात खालची वाळू सतत उसळत असते. हा मुलूख अराबाना लोकांचा. त्यांच्या कथेत ती उसळी म्हणजे मरणाऱ्या सापाची तडफड. शेजारच्या टेकडीला ते सापाचं डोकं मानतात, आणि त्यांच्याच भाषेतलं वाब्मा कडार्बू हे नाव या संरक्षित जागेला दिलेलं आहे. तिथे पाण्यात उतरायचं नसतं. फळ्यांच्या वाटेवरून पाहायचं आणि परतायचं.

मरीहून येताना हे झरे आधी लागतात, म्हणून ते येतानाच पाहून घ्यावेत. दुसऱ्या दिवसासाठी एकही ठिकाण शिल्लक ठेवू नये. मुक्कामाच्या दिवशी "इथून जवळच आहे, तासाभरात जाऊन येऊ" सुरू झालं की तो दिवस गेला.

आमचा दिवस असा गेला. सकाळी पाच-सहा अंश तापमान. नवऱ्याने चहा टाकला. खिडकीच्या काचेवर आतून दव साचलं होतं. त्या दिवशी आषाढी एकादशी होती. सासूबाईंनी आदल्या रात्रीच साबुदाणा भिजवला होता, आणि दाण्याचं कूट तर त्या सांगलीहूनच घेऊन निघाल्या होत्या. उन्हं अंगावर घ्यायला बाहेर खुर्च्या मांडल्या आणि खिचडी तिथेच खाल्ली. शेजारच्या गाडीतल्या ॲडलेडच्या आजी-आजोबांना एक वाटी दिली. आजोबांनी पुन्हा मागून घेतली आणि कशाची आहे ते नीट विचारून घेतलं.

मग सगळे हौदावर गेलो. जुन्या रेल्वेच्या रुळांखालचे लाकडी स्लीपर रचून हा हौद केला आहे. जमिनीतून आलेलं कोमट पाणी त्यातून सतत वाहतं आणि पुढे ओढ्यासारखं दलदलीत जाऊन मिळतं. त्या दलदलीत बोरू माजले आहेत आणि पक्ष्यांचा सारखा गलका. झेब्रा फिंच तर झुंडीनेच येतात. सासूबाई आधी नको म्हणत होत्या. मग काठावर बसून पाय सोडले, मग साडीचा ओचा खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "वारीला पाय दुखतात म्हणून जाणं सुटलं, आज इथं चंद्रभागा भेटली." मी काही बोलले नाही. गाडी पुढे पळत असती तर हे वाक्य मला ऐकायला मिळालं नसतं, एवढं नक्की.

दुपारी मुलाने रेल्वेच्या जुन्या घरांभोवती फेऱ्या मारल्या. स्टेशनमास्तरचं घर दुरुस्त करून जपलं आहे. खजुराची मोठाली झाडं आहेत, त्यांची सावली बऱ्यापैकी दाट. नवरा पुस्तक छातीवर ठेवून झोपला. मी चार ओळी लिहिल्या, बाकी वेळ नुसती बसून होते. मोबाइलला रेंज नाही, आणि तिची आठवण दुपारनंतर मलाही आली नाही.

मुक्कामाच्या दिवसाचं माझं सूत्र एवढंच : कामं सकाळी दहाच्या आत, गाडी जागची हलवायची नाही, आणि मुलांना "आता काय करायचं?" या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं नाही. तासाभरात ती आपली आपण काहीतरी शोधतात. आमच्या चिरंजीवांनी मुंग्यांच्या वारुळापासून साखरेच्या कणापर्यंत नकाशा काढला.

तुमचे अनुभव लिहा. शंका असतील तर विचारा.

---

भटकभवानी

सुंदर! वाचनखूण साठवली. साबुदाण्याच्या खिचडीचा फोटो हवा होता.

---

कोथरूडकर

लेख आवडला, पण मुद्दा पटला नाही. आम्ही भारतातून येणार, रजा तीन आठवड्यांची, तिकिटाचा आणि भाड्याच्या गाडीचा खर्च प्रचंड. उलुरू, किंग्ज कॅन्यन, कॅथरीन, काकाडू एकदाच बघणं होणार. अशा वेळी एक अख्खा दिवस नुसतं बसून काढणं परवडत नाही. तुम्ही तिथेच राहता, तुम्हाला पुन्हा जाता येतं.

---

रेतीवाट

@कोथरूडकर, तुमची अडचण खरी आहे, म्हणून आकड्यांतच बोलते. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन स्टुअर्ट हायवे २७०० किलोमीटरच्या वर आहे. कॅरॅव्हॅन ओढत असाल तर वेगमर्यादा ११० किंवा १३० असली तरी नव्वदच्या पुढे जाऊ नये असंच मी म्हणेन. डिझेल शंभर किलोमीटरला पंधरा-वीस लिटर सहज लागतं, आणि वेग वाढवला की ते आणखी वाढतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, म्हणजे गाडी चालवायची ती फक्त उजेडात. हिवाळ्यात उजेड दहा तासांचा. त्यातून दर दोन तासांनी थांबणं, डिझेल भरणं, जेवण वजा करा. हातात जे उरतं त्यात तुमची चारही ठिकाणं एका दमात बसतील, पण तुम्ही त्यांतली निम्मी पेंगुळलेल्या डोळ्यांनी बघाल. समोरून ५३ मीटर लांबीची रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक) येत असताना चालक ताजा असायला हवा. ती बाजूने जाते तेव्हा कॅरॅव्हॅन आधी ओढली जाते, मग ढकलली जाते.

म्हणून एक ठिकाण कमी करा. काकाडू सोडा आणि कॅथरीनच्या अलीकडे माटारांकाला दोन रात्री राहा. तिथल्या बिटर स्प्रिंग्जमध्ये कोमट, आरपार दिसणारं पाणी ताडांच्या झाडीतून वाहतं. नुसतं तरंगत राहिलं की प्रवाहच पुढे नेतो, मग काठाने चालत परत वर यायचं आणि पुन्हा सोडून द्यायचं. मुलं दिवसभर हेच करतात. तिथल्या पावसाळ्यात (साधारण नोव्हेंबर ते एप्रिल) मगरींमुळे ते बंद असतं, पण तुम्ही मे ते सप्टेंबरमध्येच येणार असाल.

---

डिझेल

मुक्कामाच्या दिवशी गाडी हलवू नका हे शंभर टक्के मान्य, पण गाडीकडे पाहा. कच्च्या रस्त्यावरचा दिवस झाला की दुसऱ्या सकाळी मी हे करतोच : चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासायचे (खडखडाटाने सैल होतात), स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बरच्या बोल्टवर हात फिरवायचा, टायरच्या आतल्या बाजूला चिरा आहेत का ते बघायचं, गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावायचं. कॅरॅव्हॅनच्या आतली कपाटं उघडून स्क्रू जमिनीवर पडलेत का तेही पाहा. जमिनीवर स्क्रू दिसला तर तो कुठला हे शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टायरमधली हवा खडीवर कमी करायची आणि डांबरी लागला की पुन्हा भरायची. किती कमी, ते वजनावर आणि टायरवर ठरतं, दुसऱ्याचा आकडा उचलू नका. टो-बॉलवरचं वजन, म्हणजे कॅरॅव्हॅन गाडीच्या हुकवर जेवढी टेकते ते, एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं. पाणी आणि सामान मागे भरलं की पुढचं हलकं होतं आणि कॅरॅव्हॅन शेपटासारखी झुलायला लागते. हे निघण्याआधी वजनकाट्यावर करून घ्यायचं काम आहे.

सगळं मिळून तासभर. त्यानंतर खुर्ची.

आणखी एक, कपड्यांसाठी : घट्ट झाकणाच्या बादलीत पाणी, साबण आणि कपडे घालून आदल्या दिवशी प्रवासात मागे बांधून ठेवायचे. रस्ताच धुऊन देतो. मुक्कामाच्या सकाळी फक्त पिळून दोरीवर टाका.

---

सैंधव

धागाकर्तींनी खजुराच्या झाडांचा उल्लेख ओझरता केला आहे. त्या झाडांबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण त्या गोष्टीचं एक टोक आपल्याकडे आहे.

या वाळवंटात रेल्वेच्या आधी आणि रेल्वेच्या बरोबरीने माल वाहिला तो उंटांनी. १८६० मध्ये हा खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून मेलबर्नला आणले गेले. १८६६ मध्ये थॉमस एल्डर या उद्योजकाने शंभराहून जास्त उंट आणि त्यांच्याबरोबर तीसेक उंटवाले पोर्ट ऑगस्टाला उतरवले. तेही कराचीहून. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता. म्हणजे हे उंट ज्या बंदरातून निघाले त्याचा कारभार मुंबईहून चालायचा. ऑस्ट्रेलियात या सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं गेलं, पण त्यांत बलुची होते, पंजाबी होते, सिंधी होते, पेशावरकडचे पठाण होते. लोकर, पीठ, तारखात्याचे खांब, रुळांचं सामान, सगळं त्यांच्या उंटांच्या पाठीवरून गेलं.

मरी हे त्यांचं मोठं ठाणं. रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला उंटवाल्यांची आणि मूळ रहिवाशांची. तिथे मातीच्या भिंतींची, गवती छपराची लहानशी मशीद होती, तिची प्रतिकृती आज गावात उभी आहे. तुम्ही मरीत फक्त डिझेल भरून पुढे गेला असाल तर पुढच्या खेपेला तिथे अर्धा तास थांबा. उंटवाल्यांच्या बरोबरीने या भागात खजूरही रुजला.

आणि रस्ता हा असा वाकडा का जातो? मूळ लोकांच्या व्यापाराच्या वाटा या झऱ्यांवरून जात होत्या. जॉन मॅकडोअल स्टुअर्ट हा शोधप्रवासी १८५९ मध्ये याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेकडे सरकला. १८७२ मध्ये पूर्ण झालेली तारेची लाइन त्याच्या मार्गाने गेली. घान नावाची इथली जुनी रेल्वे १८९१ मध्ये ऊडनाडॅटाला आणि १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला पोचली, तीही पाण्याच्या कडेकडेने, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं. पुरात रूळ वाहून जायचे, गाडी दिवसचे दिवस अडकायची. १९८० मध्ये पश्चिमेकडून नवा मार्ग झाला आणि ही लाइन बंद पडली. तुमच्या सासूबाई ज्या पाण्यात उभ्या राहिल्या त्याच पाण्याने हे सगळं इथून नेलं.

---

रेतीवाट

@सैंधव, मनापासून आभार! मुंबई इलाख्याचा धागा मला माहीत नव्हता. सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, त्यांच्या आजोबांच्या बोलण्यात 'सिंधपर्यंत आपलाच इलाखा' असं यायचं.

@डिझेल, बादलीची युक्ती आम्हीही करतो. टो-बॉलचा मुद्दा सगळ्यांनी नीट वाचावा.

---

मृगशीर्ष

आषाढी एकादशीच्या रात्री तुम्ही तिथे होतात आणि आकाशाबद्दल एक ओळही नाही!

शयनी एकादशीला चंद्र अनुराधा नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणजे वृश्चिकेत. महाराष्ट्रातून वृश्चिक दक्षिणेला अर्ध्या उंचीवर दिसते. कावर्ड स्प्रिंग्ज २९ अंश दक्षिणेला आहे, तिथे वृश्चिकेतला ज्येष्ठा तारा जवळजवळ डोक्यावर येतो. रात्री नऊ-साडेनऊला तुमच्या थेट डोक्यावर एकादशीचा चंद्र होता. त्या प्रकाशात आकाशगंगा फिकी पडते, पण पहाटे चारच्या सुमारास चंद्र मावळला की सहापर्यंत पूर्ण काळोख मिळतो. तेव्हा दक्षिणेला मॅगेलनचे दोन्ही ढग, म्हणजे आकाशगंगेशेजारच्या दोन लहान दीर्घिका, दिसतात, ज्या महाराष्ट्रातून पाहणं जवळजवळ अशक्य, आणि आग्नेयेला अगस्त्य वर आलेला असतो. आपल्याकडे आषाढात अगस्त्य दिसतच नाही.

ज्यांना तारखा निवडता येतात त्यांनी मुक्कामाचा दिवस अमावास्येच्या आगेमागे ठेवावा. त्रिशंकूच्या शेजारच्या काळ्या डागापासून वृश्चिकेपर्यंत धुळीचे काळे पट्टे आहेत. इथल्या मूळ लोकांना त्यात एमू दिसतो : डाग हे डोकं, खाली लांब मान आणि अंग. ताऱ्यांऐवजी काळोखाची आकृती वाचणं हा वेगळाच अनुभव आहे, आणि शहरातल्या आकाशात ती दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गाडी हाकायची नसेल तरच माणूस चार वाजता बाहेर येतो. म्हणून माझं मत धागाकर्तींच्या बाजूने.

---

ॲडलेडवासी

काही व्यवहाराच्या गोष्टी.

या भागात पाऊस झाला की कच्चे रस्ते बंद करतात. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड होतो, आणि तो योग्यच आहे, कारण ओल्या रस्त्यात पडलेले चर पुढे महिनोन्महिने राहतात. निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती बघा आणि मरीत किंवा ट्रॅकवरच्या विल्यम क्रीक या वस्तीत पुन्हा विचारा. म्हणून तक्त्यात एक मोकळा दिवस हवा. पाऊस आला तर तो कामी येतो, नाही आला तर आराम.

व्हिक्टोरियाकडून मिल्ड्युरामार्गे येत असाल तर यांबाच्या तपासणी नाक्यावर फळं आणि बऱ्याच ताज्या भाज्या काढून घेतात, फळमाशीमुळे. टोमॅटो आणि मिरच्याही त्यात आल्या. तेव्हा हिरवी मिरची साउथ ऑस्ट्रेलियात शिरल्यावरच घ्या. ॲडलेड किंवा पोर्ट ऑगस्टाला भाजी भरून घ्या, पुढे जे मिळेल ते महाग.

रात्री थंडी वाजते म्हणून कुणीही गॅसची शेगडी पेटवून कॅरॅव्हॅन गरम करू नये. स्वयंपाक करतानाही खिडकी किलकिली हवी. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

---

कोथरूडकर

@रेतीवाट, तक्ता पुन्हा मांडून पाहिला. काकाडू काढलं, माटारांकाला दोन रात्री घातल्या. बायको खूश आहे, मुलगी अजून रुसलेली आहे. रोड ट्रेनचं जे लिहिलंत त्याने विचार बदलला.

---

सांगावा

माझे आईवडील दोघंही सत्तरीचे, पुढच्या जुलैत येतायत. वडिलांना मधुमेह आहे, आईचे गुडघे दुखतात. कावर्ड स्प्रिंग्जला त्यांना नेता येईल का? संडास-बाथरूमची सोय कशी आहे? आणि काही झालं तर डॉक्टर?

---

रेतीवाट

@सांगावा, नेता येईल, पण थेट नाही. आधी हॉकर किंवा विल्पेनाजवळ दोन रात्री काढा. तिथवर डांबरी रस्ता आहे, विजेची जोडणी मिळते, आणि त्यांना कॅरॅव्हॅनची पायरी, अरुंद पलंग, रात्रीचं बाहेर जाणं अंगवळणी पडतं. तिथे त्रास झाला नाही तर पुढे सरका. मरीनंतर दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर जाऊ नका, खडखडाटाने गुडघे आणि पाठ दोन्ही बोलतात.

कावर्ड स्प्रिंग्जला वीज नाही. संडास आहेत, स्वच्छ आहेत. अंघोळीला लाकडावर तापवलेलं पाणी मिळतं. पिण्याचं पाणी मात्र आपलं न्यायचं, माणशी दिवसाला किमान पाच लिटर आणि वर दोन दिवसांचा साठा. हौदाच्या पायऱ्या ओल्या असतात, आईंना हात धरून उतरवा.

इन्सुलिन असेल तर ते बारा व्होल्टच्या फ्रीजमध्ये ठेवा आणि आत तापमापक ठेवा. रात्री फ्रीज फार थंड झाला तर इन्सुलिन गोठून निकामी होतं. औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा. प्रवासविम्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च आहे ना, ते निघण्यापूर्वी वाचून घ्या. दूरच्या भागात रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस विमानाने येते, फोनवर सल्लाही देते. पण फोन लागायला हवा, म्हणून सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या किंवा संकटसंदेश देणारा बीकन जवळ ठेवा. आम्ही दोन्ही ठेवतो. बीकन सासूबाईंच्या पिशवीत असतो, तो कसा सुरू करायचा हे त्यांना पाठ आहे.

तारखा ठरल्या की इथे लिहा. जुलैच्या सुट्टीत जागा लवकर भरतात, आरक्षण कधी करायचं ते सांगेन.